लेबलं उडालेल्या स्लाइड्स: स्पायनल कॉर्डचा कुठला भाग, कुठली पेशी, कसं ठरवायचं?

काचपट्टी

मंडळी, मदत हवी आहे.

मी नाशिकमध्ये एका कॉलेजात अ‍ॅनाटॉमीची ट्यूटर आहे. विभागातलं जुनं कपाट रिकामं करताना हिस्टॉलॉजीच्या स्लाइड्सची लाकडी पेटी निघाली. लेबलांचा डिंक कसरीने खाल्लाय, त्यामुळे लेबलं पेटीच्या तळाशी आणि स्लाइड्स खाचांत अशी फारकत झाली आहे. झाकणावर खडूने 'स्पायनल कॉर्ड' (मज्जारज्जू) लिहिलंय, तेवढाच आधार. वरून हुकूम आलाय: फेकायच्या नाहीत, प्रॅक्टिकलच्या आत ओळखून नवी लेबलं लावा. नव्या स्लाइड्सचं इंडेंट (मागणीपत्र) कुठल्या टेबलावर झोपलंय ते विचारू नका.

फुटक्या आणि पार पिवळ्या पडलेल्या बाजूला ठेवल्या. धड आहेत त्या अशा:

पहिली मोठी, आडवी अंडाकृती. कडेचा भाग काळाकुट्ट, मधलं फुलपाखरू (ग्रे मॅटर, पेशींचा भाग) फिकट. पेशी म्हणाव्या तर एकही दिसत नाही.
दुसरी त्याहून लहान, गोलसर, जांभळी. फुलपाखरू सडपातळ, बाजूला एक छोटं टोक. आतल्या काही पेशी मला आजारी वाटतात, त्याबद्दल खाली लिहीन.
तिसरी निळी-जांभळी, फार सुबक. पण इतकी लहान की ४एक्सला अख्खी एका फील्डमध्ये मावते.
चौथी साधी एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन-इओझिन, नेहमीचा रंग). ग्रे मॅटर भरपूर, व्हाइट मॅटरची (तंतूंच्या भागाची) नुसती झालर. भोवती बरेच सुटे गोल तुकडे.
पाचवी म्हणजे गोंधळ. ग्रे मॅटर एकाच्या जागी दोन ठिकाणी.
सहावी कॉर्ड नाहीच बहुतेक. मोठ्या गोल पेशींचे पुंजके.

प्रश्न दोन. कुठला भाग हे कशावरून पक्कं म्हणायचं? आणि मुलं एखाद्या पेशीवर पॉइंटर आणून 'मॅम, ही कुठली?' विचारतात, तेव्हा किती खात्रीने उत्तर द्यायचं?

मेणाचा ठोकळा

ताई, आधी मायक्रोस्कोपचा दिवा बंद करा. चेष्टा नाही करत. आयुष्यभर मायक्रोटोमवर बसून सेक्शनं कापली, आता नाशिकरोडला घरी बसून नातवंडांना गोष्टी सांगतो. सगळ्यांची तीच घाई बघितली, स्लाइड आली की थेट ४०एक्स. स्पायनल कॉर्डचा भाग ४०एक्सवर कधीच कळत नाही.

काच खिडकीकडे धरा आणि नुसत्या डोळ्याने बघा. मग आयपीस काढा, उलटा धरा आणि भिंगासारखा स्लाइडवर लावून त्यातून बघा. अख्खं सेक्शन एका नजरेत येतं, फुकटात. बाहेरचा आकार गोल की आडवा, ग्रे किती आणि व्हाइट किती, शिंगं (फुलपाखराच्या पंखांची टोकं) जाड की बारीक, हे तिथेच कळून जातं.

मग पुढचं-मागचं ठरवा. एका बाजूला खोल चीर दिसेल, आत पायामेटर (कॉर्डला चिकटलेलं आवरण) आणि रक्तवाहिन्या घुसलेल्या, ती पुढची बाजू. मागे नुसती हलकी खाच आणि आत पातळ पडदा. खाच दिसली नाही तर शिंगं बघा. मागचं शिंग बारीक आणि जवळजवळ काठापर्यंत जातं. पुढचं रुंद असतं पण काठाला टेकत नाही, मधे व्हाइट मॅटर सोडून थांबतं. इथे गफलत झाली की पुढचं सगळंच ओळखणं उलटं पडतं.

डॉ_तिरकस

काकांना +१. त्यात एका आकड्याची भर घाला. आयपीसवर १०एक्सच्या शेजारी १८ किंवा २० कोरलेलं असतं. त्याला ऑब्जेक्टिव्हने भागायचं. १८ असेल तर ४एक्सला साडेचार मिलिमीटरचं फील्ड मिळतं, ४०एक्सला अर्ध्या मिलिमीटरहून कमी.

आता माणसाच्या कॉर्डची रुंदी बघा. थोरॅसिकमध्ये (छातीच्या भागात) साधारण सेंटीमीटरभर, सर्व्हायकलच्या (मानेच्या) फुगीर भागात त्याहून बरीच जास्त. फॉर्मॅलिन-अल्कोहोलमध्ये आक्रसते, पण निम्म्याने नाही. मग तुमची तिसरी स्लाइड साडेचार मिलिमीटरात अख्खी मावते कशी?

काचपट्टी

माझ्या आयपीसवर १८च आहे. म्हणजे तिसरी माणसाची नाही?

डॉ_तिरकस

नाही. उंदीर. बहुतेक रॅट. निळं-जांभळं म्हणजे लक्सॉल फास्ट ब्लू आणि क्रेसिल व्हायोलेट, क्लूव्हर-बॅरेरा पद्धत, १९५३ची. मायलिन (तंतूंवरचं चरबीचं वेष्टण) निळं, पेशी जांभळ्या. संशोधनाच्या कामातली स्लाइड कुणीतरी शिकवायच्या पेटीत टाकली असणार.

खातरजमा अशी करा. डॉर्सल कॉलमचा (मागच्या व्हाइट मॅटरचा) अगदी तळ, ग्रे कमिशरच्या (दोन पंख जोडणाऱ्या पट्टीच्या) वर चिकटलेला भाग, १०एक्सवर आणा. तिथे बारीक तंतूंचा, जरा वेगळ्या पोताचा आणि फिकट निळा पट्टा दिसतो का? रॅटमध्ये कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्टचा (मेंदूचे हालचालीचे हुकूम आणणाऱ्या तंतूंचा) मोठा हिस्सा तिथून जातो. माणसात तो लॅटरल (बाजूच्या) कॉलममध्ये असतो. आजवर ही स्लाइड माणसाची म्हणून लावून कुणी 'लॅटरल कॉर्टिकोस्पायनल' दाखवत असेल तर त्या बॅचचं भलं होवो.

काचपट्टी

पट्टा आहे! आत्ता बघून आले. डॉक्टर, दंडवत.

फर्स्टइयर_त्रस्त

मॅम, धागा माझ्यासाठीच काढल्यासारखा आहे. मी दुसऱ्या कॉलेजची, पण परीक्षा त्याच आरोग्य विद्यापीठाची. सर्व्हायकल आणि लंबर (कंबरेचा भाग) दोन्हींत व्हेंट्रल हॉर्न (पुढचं शिंग) मोठं असतं, मग स्पॉटरला (स्लाइड ओळखायच्या प्रश्नाला) फरक कशावरून लिहायचा? सीनियर म्हणाले 'अंडाकृती म्हणजे सर्व्हायकल, गोल म्हणजे लंबर, पाठ कर.' स्लाइड तिरकी कापली असेल तर?

काचपट्टी

तुझी शंका बरोबर आहे. नुसत्या बाह्य आकारावर जाऊ नकोस, तो कापण्यावर आणि दाबण्यावरही ठरतो. ग्रे किती आणि त्याच्या मानाने व्हाइट किती, हे बघ.

शिंगं मोठी दोन्हीकडे असतात कारण हात आणि पाय चालवणाऱ्या पेशी तिथेच आहेत. सी ५ ते टी १ (मानेचा पाचवा ते छातीचा पहिला सेगमेंट) हातासाठी, लंबर आणि वरचा सॅक्रल (कॉर्डचा सगळ्यात खालचा भाग) पायासाठी. धडाचे स्नायू चालवणाऱ्या पेशी आतल्या बाजूच्या गटात असतात, तो गट जवळजवळ सगळीकडे सापडतो. हातापायांचा गट बाहेरच्या बाजूला आणि तो फक्त या दोन फुगीर भागांत. थोरॅसिकमध्ये तो नसल्याने शिंग काडीसारखं होतं.

व्हाइट मॅटरचा हिशोब वेगळा. वर जाणारे तंतू प्रत्येक पातळीला नव्याने येऊन मिळतात, खाली येणारे वाटेत आपापल्या मुक्कामी उतरतात. त्यामुळे मानेत व्हाइट मॅटर सगळ्यात जास्त आणि खाली खाली कमी. लंबरमध्ये ग्रे इतकं फुगतं की व्हाइट त्याच्यापुढे अंगापेक्षा अपुऱ्या कपड्यासारखं दिसतं. सर्व्हायकलमध्ये ग्रे मोठं असूनही व्हाइट त्याला पुरून उरतं.

आणि डॉर्सल कॉलम बघायला विसरू नकोस. टी ६च्या वर त्याचे दोन भाग होतात, आत ग्रॅसिलिस आणि बाहेर क्युनिएटस, मधे पातळ पडदा. दोन भाग स्वच्छ दिसले तर लंबर असूच शकत नाही.

फर्स्टइयर_त्रस्त

ग्रॅसिलिस आत आणि क्युनिएटस बाहेर हे उलटसुलट होतं माझं. दर वेळी.

मेणाचा ठोकळा

बाळ, पिंपळगावहून सीबीएसला (नाशिकच्या स्टँडला) येणारी एसटी धर. पिंपळगावला चढले ते खिडकीशी सरकून बसले, ओझरला चढले ते त्यांच्या शेजारी, आडगावला चढले ते वाटेत उभे. पायाचे तंतू आधी चढतात म्हणून मधल्या पडद्याला चिकटून, हाताचे शेवटी म्हणून बाहेर.

पंचवटीची_पाटी

काका, आडगावला गाडी थांबतच नाही आजकाल. हाताचे तंतू रिक्षाने येतात.

डॉ_तिरकस

एक इशारा. 'मोठं शिंग म्हणजे सर्व्हायकल' हे सी २ ला लागू नाही. तिथे व्हाइट मॅटर प्रचंड आणि पुढचं शिंग लहान, कारण हाताचा पसारा अजून सुरू व्हायचाय. ते बघून भलेभले थोरॅसिक म्हणतात. सुटका दोन गोष्टींनी होते. आकार थोरॅसिकहून खूप मोठा असतो, आणि लॅटरल हॉर्न (बाजूचं छोटं शिंग) नसतं. सर्व्हायकलमध्ये मागच्या शिंगाच्या मुळाशी, बाहेरच्या अंगाला, ग्रे आणि व्हाइट एकमेकांत घुसून जाळी झालेली दिसते, तीही बघा.

काचपट्टी

म्हणजे पहिली स्लाइड, ती काळी, सर्व्हायकल एन्लार्जमेंट. डॉर्सल कॉलमचे दोन भाग लख्ख आहेत, शिंगं भरदार आहेत, जाळीही आहे. पण तिच्यात पेशी का दिसत नाहीत?

मेणाचा ठोकळा

कारण ती वायगर्ट आहे, नाहीतर पाल-वायगर्ट. ती फक्त मायलिन रंगवते. व्हाइट मॅटर काळं आणि ग्रे फिकट, म्हणजे नावाच्या बरोबर उलट. नव्या मुलांना ती नेहमी चकवते. एच अँड ईत ग्रे जास्त गुलाबी दिसतं आणि व्हाइटमध्ये नुसती फिकट जाळी, कारण अल्कोहोल-झायलीनमध्ये मायलिनची चरबी विरघळून जाते. उरतं एक रिकामं भोक आणि त्याच्या मध्यावर अ‍ॅक्सॉनचा (पेशीच्या लांब तंतूचा) ठिपका. ते भोक म्हणजे सेक्शन खराब झालं असं समजू नका. सेक्शन चांगलं आहे, मायलिन नाही एवढंच.

पहिलीवर मागच्या शिंगाच्या टोकाशी एक फिकट टोपी दिसेल, बाकी ग्रेपेक्षाही फिकट. ती सबस्टॅन्शिया जिलॅटिनोझा. तिथले तंतू बहुतेक मायलिन नसलेले, मग काळं होणार काय? ही जागा शिकवायला वायगर्टसारखी स्लाइड नाही. पण तिच्यावर 'न्यूरॉन ओळखा' म्हणून पॉइंटर लावू नका. मुलं शिव्या देतील आणि त्यांचं बरोबर असेल.

द्राक्षबाग

मी यातला नाही. निफाडला द्राक्षं करतो, केवडा (बुरशीचा रोग) आलाय का बघायला घरी एक लहानसा मायक्रोस्कोप आहे, म्हणून धागा उघडला. माझ्या काकांचा एक पाय लहानपणी पोलिओने गेला. डॉक्टर तेव्हा 'मणक्यातल्या पेशी मेल्या' म्हणाले होते. त्या याच का? आणि पायाला चिमटा काढला तर काकांना कळतं, मग मेलं नेमकं काय?

डॉ_तिरकस

याच. तुमचा प्रश्न व्हायवाला विचारण्याच्या लायकीचा आहे.

पोलिओचा विषाणू पुढच्या शिंगातल्या मोटर न्यूरॉनवर जातो. स्नायूला हुकूम पाठवणारी शेवटची पेशी तीच. ती गेली की तिच्या ताब्यातले स्नायूचे धागे वाळतात. स्पर्श आणि वेदना मागच्या बाजूने आत येतात. त्यांच्या मूळ पेशी कॉर्डच्या बाहेर गँग्लियनमध्ये (पेशींच्या गाठीत) असतात आणि पुढच्या शिंगाशी त्यांचा तसा संबंध नाही. म्हणून हालचाल गेली, चिमटा कळतो.

अशी जुनी कॉर्ड लंबर भागात कापली तर एका बाजूचं पुढचं शिंग आक्रसलेलं दिसतं. जिथे टपोऱ्या पेशींची गर्दी हवी तिथे दोन-चार उरलेल्या, बाकी ग्लियाचं (आधार देणाऱ्या पेशींचं) जाळं. पाय गेला असेल तर बाहेरचा गट रिकामा. भारतातला शेवटचा जंगली पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११चा, आणि २७ मार्च २०१४ला आपला दक्षिण-पूर्व आशिया प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. नव्या मुलांना ही स्लाइड आता जुन्या पेट्यांतच मिळणार.

द्राक्षबाग

समजलं, धन्यवाद. काकांना वाचून दाखवतो. वाचनखूण साठवली.

काचपट्टी

आता दुसऱ्या स्लाइडकडे. जांभळी, क्रेसिल व्हायोलेट असावी. गोलसर, शिंगं बारीक, बाजूला टोक, म्हणजे लॅटरल हॉर्न. त्यावरून टी १ ते एल २ मधलं काहीतरी, इथपर्यंत मी आले. पुढच्या शिंगात थोड्या मोठ्या पेशी आहेत, छान आहेत. कोनाकोनाच्या, आत निस्लचे (या रंगाने उठून दिसणाऱ्या कणांचे) जाड ठिपके, मधोमध फिकट न्यूक्लियस आणि त्यात एकच ठसठशीत न्यूक्लिओलस. अ‍ॅक्सॉन निघतो तिथला त्रिकोण मोकळा, निस्ल नाही.

पण मागच्या शिंगाच्या मुळाशी, आतल्या बाजूला, दोन्हीकडे एकेक गोल पुंजका आहे. तिथल्या पेशी मोठ्या, फुगीर, कोन हरवलेल्या. न्यूक्लियस एका कडेला सरकलेला. निस्ल मधून गायब आणि काठाला गोळा झालेलं. हे तर पुस्तकातलं क्रोमॅटोलिसिसचं वर्णन झालं! अ‍ॅक्सॉनला इजा झालेल्या माणसाची कॉर्ड आहे का ही? तसं असेल तर नॉर्मल म्हणून मुलांना दाखवता येणार नाही.

फर्स्टइयर_त्रस्त

मी पण क्रोमॅटोलिसिसच म्हणाले असते.

डॉ_तिरकस

थांबा. पुंजका कुठे आहे म्हणालात? मागच्या शिंगाच्या मुळाशी, आतल्या अंगाला, दोन्हीकडे सारखा?

मग पेशंटला काही झालेलं नाही. तो क्लार्कचा कॉलम. तिथल्या पेशी जन्मभर अशाच दिसतात, गोलसर, न्यूक्लियस कडेला, निस्ल काठावर. पायांतून आणि धडाच्या खालच्या भागातून आलेली स्नायू-सांध्यांची खबर त्याच बाजूच्या सेरिबेलमला (लहान मेंदूला) पोचवणाऱ्या या पेशी. पॅथॉलॉजीचे नवशिके दर वर्षी इथे 'सेंट्रल क्रोमॅटोलिसिस' लिहितात, मी लाल पेनने खोडतो.

हेच चित्र पुढच्या शिंगातल्या मोटर न्यूरॉनमध्ये दिसलं असतं तर मीही कान टवकारले असते. पेशीचं रूप तेच, जागा बदलली की अर्थ बदलला. म्हणून पेशीकडे बघण्याआधी ती कुठल्या मोहल्ल्यात राहते ते विचारायचं.

गामा_मोटर

धाग्यावर उशिरा आले. पुण्यात कॉर्डवरच काम करते, माहेर नाशिकचं. डॉक्टरांशी सहमत. आणि भागाबद्दल थोडं: क्लार्कचा कॉलम साधारण सी ८ ते एल २-३ पर्यंत असतो, पण टी १० ते एल २ मध्ये सगळ्यात भरलेला. काचपट्टी म्हणतात तसा ठळक गोल पुंजका असेल तर तुमचा थोरॅसिक खालचा आहे, किंवा वरचा लंबर. शिंगं खरंच काडीसारखी असतील तर थोरॅसिक म्हणा. ग्रॅसिलिस-क्युनिएटसमधला पडदा या रंगात नीट दिसेलच असं नाही, म्हणून तो नाही यावरून काही ठरवू नका.

लॅटरल हॉर्नच्या पेशी बघितल्यात का? मोटर न्यूरॉनच्या निम्म्या-बिम्म्या, बऱ्याचशा चातीसारख्या निमुळत्या, दाटीवाटीने. त्या सिंपथेटिकच्या (स्वायत्त चेतासंस्थेच्या) प्रीगँग्लियॉनिक, म्हणजे गँग्लियनकडे तंतू पाठवणाऱ्या. एकाच सेक्शनमध्ये मोटर, क्लार्क आणि लॅटरल हॉर्न असे तीन प्रकार शेजारी मिळाले असतील तर ती स्लाइड जपून ठेवा, पेटीतला खरा ऐवज तोच.

काचपट्टी

तिन्ही आहेत. लॅटरल हॉर्न एका बाजूला जास्त स्पष्ट आहे.

गामा_मोटर, तुम्ही आलाच आहात तर विचारते. मुलं पुढच्या शिंगातली मोठी पेशी दाखवून 'अल्फा' आणि लहान दाखवून 'गामा' म्हणतात (दोन्ही मोटर न्यूरॉनचेच प्रकार). मी मान डोलवू का?

गामा_मोटर

माझं नाव असं असूनही सांगते, डोलवू नका.

अल्फा मोटर न्यूरॉन मोठा, बॉडीच ३० ते ७० मायक्रॉन, हे खरं. पण पॅराफिन सेक्शन पाच-सात मायक्रॉनचं. एवढी मोठी पेशी कितीतरी सेक्शनांत कापली जाते. तुमच्या स्लाइडवर तिचा मधला काप आला तर टपोरी दिसेल, टोकाचा आला तर लहान, आणि न्यूक्लियसही नसेल. म्हणजे लहान दिसणारी पेशी अल्फाची शेंडी असू शकते. निदान न्यूक्लिओलस दिसतोय अशाच पेशी तोलायच्या, हा नियम पाळा. माप हवं तर शेजारच्या केशवाहिनीत लाल पेशी शोधा. ती साधारण ७ मायक्रॉनची, फुकटची पट्टी.

न्यूक्लिओलससकट लहान पेशी मिळाली तरी ती गामा की इंटरन्यूरॉन (न्यूरॉनना आपसात जोडणारी पेशी), हे एच अँड ई किंवा निस्लवर सांगता येत नाही. रेनशॉ सेल (मोटर न्यूरॉनला आवर घालणारी इंटरन्यूरॉन) तर नाहीच. त्यासाठी अँटिबॉडी लागतात. मोटर पेशींसाठी कोलीन अ‍ॅसिटिलट्रान्सफरेज, रेनशॉसाठी कॅलबिंडिन. गंमत म्हणजे न्यूरॉनची सर्रास वापरतात ती न्यू-एन अँटिबॉडी गामावर फिकी लागते, अल्फावर गडद, आम्ही त्याचाच फायदा घेतो. तुमच्या पेटीवर प्रामाणिक उत्तर एवढंच: 'मोटर न्यूरॉन', 'लहान न्यूरॉन, प्रकार सांगता येत नाही'. असं लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण मार्क द्या.

फर्स्टइयर_त्रस्त

आमच्याकडे 'सांगता येत नाही' लिहिलं तर शून्य मिळतं, ताई.

पुस्तकातल्या फोटोत न्यूरॉनला झाडासारख्या फांद्या असतात, स्लाइडवर नुसता जांभळा डाग, तो का?

गामा_मोटर

तो फोटो गॉल्जीचा. कॅमिलो गॉल्जीने १८७३मध्ये काढलेली चांदीची पद्धत. ती शंभरातल्या मोजक्याच पेशी पकडते, पण पकडली ती फांद्यांसकट काळी होते, आणि सेक्शनही जाड असतं. स्पेनचा काहाल याच पद्धतीने आयुष्यभर पेशी काढत बसला, १९०६चं नोबेल दोघांना मिळून. निस्लच्या रंगात फक्त पेशीची बॉडी आणि डेंड्राइटचे (फांद्यांचे) बुंधे उमटतात, अ‍ॅक्सॉन अजिबात नाही. पुस्तकातला फोटो मनात ठेवून निस्लची स्लाइड बघशील तर निराशा पक्की.

आणखी एक: व्हाइट मॅटरमधले ठिपके न्यूरॉन नसतात. लहान गोल गडद असेल तर बहुतेक ऑलिगोडेंड्रोसाइट, जरा मोठा फिकट लंबगोल असेल तर अ‍ॅस्ट्रोसाइट, दोन्ही ग्लियाच.

काचपट्टी

चौथी स्लाइड मला सॅक्रल वाटते. ग्रे भरपूर, मधली कमिशर जाड, व्हाइटची झालर. लॅटरल हॉर्नसारखं काही ठळक नाही. सेंट्रल कॅनाल (मधली बारीक नळी) मात्र नीट उघडा दिसत नाही, पेशींचा नुसता पुंजका आहे.

डॉ_तिरकस

सॅक्रल. भोवतीचे सुटे गोल तुकडे म्हणजे खाली निघालेली नर्व्ह रूट्स, तोही पुरावाच. मोठ्या माणसांत सेंट्रल कॅनाल बऱ्याचदा बुजलेला असतो, एपेंडायमाच्या (तिच्या अस्तराच्या) पेशींचा पुंजका उरतो, त्यात काही नवल नाही. डॉर्सल कॉलममध्ये किंवा पायामेटरच्या खाली निळसर गोल मणी दिसले तर ते कॉर्पोरा अ‍ॅमिलेशिया, वयाची खूण. मुलांना ते पेशी वाटतात.

मेणाचा ठोकळा

पाचवीबद्दल मी बोलतो, कारण तसल्या मी कापल्यात आणि बोलणीही खाल्लीत. ग्रे मॅटर दोन ठिकाणी म्हणजे कॉर्डला विकार नाही. ताजी कॉर्ड फार मऊ असते. काढताना बोटांत किंवा चिमट्यात दाबली गेली की आतला माल नळीतून सरकतो आणि भलत्या जागी जाऊन बसतो. पॅथॉलॉजीवाले त्याला टूथपेस्ट आर्टिफॅक्ट म्हणतात. मग ती फॉर्मॅलिनमध्ये तशीच पक्की होते. डॉक्टर, बरोबर ना?

डॉ_तिरकस

शंभर टक्के. तीच स्लाइड ४०एक्सला बघा, गडद, आक्रसलेल्या, पीळ पडल्यासारख्या पेशी मिळतील. फिक्स होण्याआधी हाताळलं की 'डार्क न्यूरॉन' होतात. त्यांना नेक्रोसिस (पेशी मरणं) म्हणू नका. पेशीभोवतीची पांढरी पोकळीही आक्रसण्याची.

पाचवी टाकू नका. 'आर्टिफॅक्ट' असं लेबल लावून पेटीत ठेवा. भाग मात्र लिहू नका, तिच्यावरून तो ठरवणं हा अन्याय आहे.

काचपट्टी

सहावीला पेशी मोठ्या, गोल गरगरीत, न्यूक्लियस बरोबर मध्यावर. प्रत्येकीभोवती बारीक पेशींचं पूर्ण कडं. पुंजक्यांच्या मधून तंतूंच्या जुड्या. काही पेशींत पिवळसर-तपकिरी कण. डेंड्राइट शोधून दमले.

गामा_मोटर

डेंड्राइट नाहीतच, दमणारच. डॉर्सल रूट गँग्लियन (मागच्या नर्व्ह रूटवरची पेशींची गाठ), स्यूडोयुनिपोलर (एकच फाटा निघणाऱ्या) पेशी. भोवतीचं कडं सॅटेलाइट सेल्सचं, कण लिपोफ्युसिन (वयाबरोबर साठणारं रंगद्रव्य). सिंपथेटिक गँग्लियन असता तर पेशी साधारण एकाच मापाच्या, विखुरलेल्या, न्यूक्लियस बऱ्याचदा कडेला आणि सॅटेलाइटचं कडं तुटक. तुमच्याकडे पेशींची मापं लहान-मोठी आहेत का?

काचपट्टी

हो, शेजारीशेजारी एक केवढी तरी आणि एक इवलीशी.

गामा_मोटर

मग झालं. मोठ्या पेशी स्पर्श आणि स्नायूंच्या ताणाच्या, लहान बहुतेक वेदना आणि तापमानाच्या. द्राक्षबागवाल्यांच्या काकांना चिमटा याच कळवतात.

पंचवटीची_पाटी

अवांतर: हा धागा वाचून झाल्यावर मिसळीवर तरंगणारी तर्री पाहिली आणि दोन मिनिटं मायलिन शोधत बसले.

काचपट्टी

लेबलं ठरली. पहिली, 'सर्व्हायकल एन्लार्जमेंट, मायलिनचा रंग'. दुसरी, 'थोरॅसिक, खालचा, निस्ल', सेगमेंटचा आकडा लिहीत नाही. तिसरी, 'रॅट, माणसाची नव्हे', हे लाल शाईत. रॅटची कुठली पातळी ते शोधायचंय, मोकळी जागा सोडलीय. चौथी 'सॅक्रल', पाचवी 'आर्टिफॅक्ट', सहावी 'डॉर्सल रूट गँग्लियन'.

एकच अडचण. चौथीच्या कव्हरस्लिपखाली हवेचे बुडबुडे शिरलेत, नेमके पुढच्या शिंगावर. सोडवून परत लावू का?

मेणाचा ठोकळा

लावा, पण ब्लेडने उचकटू नका, सेक्शन कव्हरस्लिपबरोबर निघून येईल. झायलीनच्या जारमध्ये उभी ठेवा, झाकण लावून, खिडक्या उघड्या ठेवून. जुना बाल्सम असेल तर दिवस-दोन दिवस लागतील, थंडीत जास्त. कव्हरस्लिप आपोआप घसरली की ताज्या झायलीनमधून एकदा काढा आणि डीपीएक्सने (कव्हरस्लिप चिकटवायच्या द्रवाने) नवी लावा. इओझिन फिकं पडलंय का ते तेव्हाच बघा. पडलं असेल तर कव्हरस्लिप लावायच्या आधी अल्कोहोलमधून उतरवत नेऊन इओझिन परत देता येईल, हिमॅटॉक्सिलिनला हात लावायची गरज नाही.

आणि कागदी लेबलं परत लावू नका. काचेवरच डायमंड पेन्सिलने कोरा, कसरीच्या बापालाही खाता येणार नाही. पेन्सिल नसेल तर माझ्याकडे आहे, बिटको पॉइंटला येऊन घेऊन जा.